चुन्याच्या खाली

‘‘एखाद्या सकाळी घरातल्या सगळ्यांचंच डोकं एकदम ठणकायला लागलं, तर चहा करत बसू नका. खिडक्या उघडा आणि पोरीला घेऊन अंगणात या,’’ असं बॉयलर दुरुस्त करणारा झुमाबेक मागच्या हिवाळ्यात म्हणाला होता. बेगिमाय तेव्हा हसली होती. ‘‘बायके, सर्दीची साथ आहे सगळ्या कराकोलमध्ये,’’ असं म्हणून तिनं विषय संपवला होता. वयानं मोठ्या पुरुषाला तिथं ‘बायके’, म्हणजे दादा, म्हणतात.

आता तोच झुमाबेक तिच्या तळघरात गुडघ्यांवर बसून घर तापवणारा बॉयलर सोडवत होता. वर विजेवरचा नवा बसला होता. हा कोळशावरचा, बिडाचा जुना बाहेर काढायचा होता. पावाच्या कापांसारखे एकाला एक चिकटून उभे असलेले सात पोकळ कप्पे आणि त्यांना आवळून धरणाऱ्या चार लांब सळया. सळया निघाल्या होत्या. बेगिमाय विजेरी धरून उभी होती. तिचा एक कान वरच्या खोलीत झोपलेल्या लेकीकडे, सेझिमकडे होता.

सासू, उमसुनाय, जिन्यात कमरेवर हात ठेवून पहारा देत होती.

‘‘सांभाळून रे झुमाबेक. त्याचा कोपरा उडाला तर तुझा कान उपटीन. दुपारी माझा भाऊ ट्रक घेऊन येतोय. त्याच्या नव्या घरात बसवायचाय.’’

‘‘डावा उपटा, एजे. उजव्यानं थोडंफार ऐकू येतं अजून.’’ थोरल्या बहिणीला म्हणावं तसं झुमाबेक तिला ‘एजे’ म्हणे.

‘‘बावीस वर्षं झाली. एक दिवस तरी काळा दिसला का कुणाला? दर सप्टेंबरात मातीत लोकर मळून सांधे लिंपायचे, वरून चुना द्यायचा. बायका बघायला यायच्या.’’

खरं होतं ते. मागच्या वर्षी सासूचे गुडघे दुखत होते म्हणून चुना बेगिमायनं दिला होता. इतका सुरेख बसला होता की तिनं त्याचा फोटोही काढला होता.

झुमाबेकनं तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्याच्या मध्ये पाचर धरली आणि हातोडा मारला. एक वर, एक खाली. पुन्हा वर. कप्पे बोटभर फाकले आणि सांध्यावरच्या चुन्याचा जाड पापुद्रा सुटून बेगिमायच्या पायाशी पडला.

तिनं तो उचलून विजेरीखाली धरला. कडेनं थर दिसत होते. आतल्या बाजूला पांढऱ्यावर पांढरा, त्यावर पांढरा. मग एक काळी रेघ. पांढरा. काळी रेघ. पांढरा. हा सगळ्यात वरचा म्हणजे तिचा स्वतःचा चुना, आणि त्यावर राखाडी साय. ती धूळच आहे असं ती वर्षभर समजत होती. तिनं बोट फिरवलं. बोट काळं झालं.

एक रेघ म्हणजे एका हिवाळ्याची काजळी. शेवटच्या दोन हिवाळ्यांत सेझिम याच घरात होती.

झुमाबेकनं कप्प्यावरून अंगठा फिरवला. केसासारखी चीर होती, वरपासून खालपर्यंत. ‘‘इथून. रात्री ऊब टिकावी म्हणून तुम्ही धुराड्याची झडप ओढून घेताय, आत कोळसा धुमसतोय, आणि त्याच्या विषारी वायूला इथून वाट. त्याला ना वास, ना रंग. काजळी तेवढी सांगत होती.’’

‘‘आणि आम्ही तिच्यावर चुना फासत होतो,’’ बेगिमाय म्हणाली.

‘‘लिंपून घेईल की भाऊ,’’ जिन्यातून आवाज आला. ‘‘मी शब्द दिलाय त्याला.’’

‘‘सांधा नाही एजे, कप्पाच तडकलाय. बीड मातीनं सांधत नाही.’’ तो बाजूला सरकला. ‘‘घर तुमचं. म्हणाल तसं.’’

चार वर्षांत बेगिमाय सासूला, तिच्या ‘अपा’ला, कधी नाही म्हणाली नव्हती. तिनं पापुद्रा आणि विजेरी पायरीवर ठेवून कोपऱ्यातला घण उचलला.

‘‘अपा, हा मामांकडे जाणार नाही. तिथं तीन मुलं एका खोलीत झोपतात.’’

 तिचं तिलाच नवल वाटलं.

उमसुनाय खाली आली. पायरीवरचा पापुद्रा उचलून तिनं विजेरीशी धरला. नखानं एक थर खरवडला, मग दुसरा. 

‘‘मधोमध मारू नकोस,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘चिरेवर मार. आणि आधी झुमाबेकचा चष्मा लाव डोळ्यांना, येडे.’’

तिसऱ्या घावाला कप्पा दुभंगला.

उमसुनाय त्या तुकड्यांकडे बघत होती. अचानक तिचा चेहरा उतरला.

‘‘रायसा,’’ ती म्हणाली.

म्हातारी रायसा गल्लीच्या टोकाला एकटी राहत होती.

‘‘मागच्या आठवड्यात तिचा बॉयलर मीच लिंपून आले. सोमवारपासून पेटवलाय तिनं. काल म्हणत होती, डोकं जड होतंय.’’

आणि ते दुखरे गुडघे दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. फाटक आपटल्याचा आवाज आला. झुमाबेक पाचर टाकून तिच्यामागे धावला.

वर सेझिम जागी झाली होती. बेगिमायनं तिला कडेवर घेतलं, खिडकी सताड उघडली आणि काळ्या बोटानं गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं:

‘तुमच्या शेजारी कुणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल आणि खाली कोळशाचा बॉयलर पेटत असेल, तर आत्ता जाऊन या. बॉयलर पांढराशुभ्र असेल, तर जास्तच नीट बघा. सांध्यावरचा चुना नखानं खरवडा. हाकेला ओ आली नाही तर दार ढकला. आणि उंबऱ्याशी बूट काढत बसू नका.’