दिवसाचं दार

"भर सामान," पुष्पा म्हणाली आणि काखेतली रिकामी गोणी तिनं खाटेवर टाकली.

तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावरून ती पहाटेच निघाली होती, पोरीला परत न्यायला. चपला अजून पायातच होत्या. तिची दक्षा मुंबईत इस्पितळात रक्त तपासायचं काम करते, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत एकटी राहते. पाड्यावरून मुंबईला नोकरीला गेलेली ही पहिलीच पोर. बाजारात हे सांगताना पुष्पाची मान ताठ व्हायची आणि घरी आलं की पोरीचा घोर लागायचा. त्यात परवा पाड्यावरचा जिव्या सांगत आला, मुंबईत माणूस घरात मरून पडला तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो. झालं! नवरा चैत्या म्हणाला, "जा, घेऊन ये पोरीला. डहाणूत नाय मिळायची काय नोकरी?"

"आये, मी नाय यायची," दक्षा म्हणाली. "मला करमतं इथं."

"करमतं म्हणे! फोनवर कोण रडत होतं मग?"

रडत होती खरी, पण ते सुरुवातीला. पाड्यावर दिवसाउजेडी घराचं दार बंद दिसलं की माणसं धावत येतात. दार बंद म्हणजे घरात कुणी आजारी, नाही तर त्याहून वाईट. आणि इथं बघावं तर प्रत्येक मजल्यावर सगळी दारं बंद! बाई गं, एवढ्या घरांत एकदम सुतक? स्वतःचं दार लावून बसलं की तर दक्षाला रडूच कोसळायचं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिनं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत बसली. येणारा-जाणारा थांबून सांगायचा, "दार उघडं राहिलंय तुमचं." ती म्हणायची, "राहिलं नाय, ठेवलंय." वॉचमननं बजावलं. सेक्रेटरींनी चोऱ्यांचे किस्से ऐकवले. पोरगी हटायला तयार नाही. ती घरात असली की दिवसा दार उघडं, म्हणजे उघडंच.

"आणि दार उघडं ठेवून कोण येतं काय?" पुष्पानं विचारलं. "उद्या तापानं फणफणलीस तर पाणी कोण देईल तुला? एक नाव सांग."

"एक कशाला, किती सांगू?"

"थापा मारू नको!" पुष्पाचा आवाज चढला. तेवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं. मायलेकींचं भांडण परक्यांनी कशाला ऐकायचं? तिनं दार लावलं, वर कडी घातली आणि मग दबक्या आवाजात पोरीला चांगलं फैलावर घ्यायला सुरुवात केली.

पाच वाक्यं झाली नसतील, तोच दारावर थापा पडल्या.

पुष्पानं कडी काढली. दारात समोरच्या घरातली निलम उभी होती, हाताला कणीक तशीच. "दक्षा, काय झालं गं? बरी आहेस ना?" तिच्या मागून वरच्या मजल्यावरचे नविनभाई पुढे आले. हातात रक्तदाब मोजायचं मशीन, चप्पल एकाच पायात. "बेन, कोण मांदू आहे? कोण आजारी? डॉक्टरला बोलवू?" निलमनं वर-खाली हाका मारल्या होत्या म्हणून वॉचमनही जिन्यात धापा टाकत होता. रिक्षा आणू का, एवढंच त्याचं चाललेलं.

पुष्पा पार गडबडली. "कोणाला काय नाय झालं. तुम्ही सगळी कशाला धावत आलात?"

"कशाला म्हणजे? अहो मावशी, ही घरात आहे आणि भरदिवसा दार बंद!" निलम जवळजवळ रागावलीच. "काळजात धस्स झालं माझ्या."

तिच्या पाठीमागे तिचं स्वतःचं दारही सताड उघडं होतं. आत गॅसवर तवा तापत होता.

पुष्पा पोरीकडे बघतच राहिली. पाड्याची रीत ह्या कार्टीनं चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवली होती, वर मुंबईच्या माणसांना शिकवलीसुद्धा! इतका अभिमान तिला पोरीला नोकरी लागली तेव्हाही वाटला नव्हता. डोळे भरून आले, ते तिनं पुसलेही नाहीत. पायातल्या चपला आता कुठं काढल्या आणि म्हणाली, "उभी काय राहिलात? बसा. चहा टाकते."

चहा उकळत होता तेव्हा चैत्याचा फोन आला. "काय गं, भरली का गोणी?"

फोन खांद्याशी धरून पुष्पानं खाटेवरची गोणी उचलली, तिची चौपदरी घडी घातली, उघड्या दारापाशी अंथरली आणि पायानं नीट सरळ केली.

"गोणी इथंच ठेवून येते मी," ती म्हणाली. "पोरीच्या दारात येवढी माणसं येतात, त्यांना पाय पुसायला काय तरी पायजे ना."