कडा

डब्यात आजही कडाच परत आल्या. पावाचा मधला मऊ भाग खाल्लेला, आणि तपकिरी कडा चौकटीसारख्या शाबूत.

"घ्या," आत्या म्हणाली. "ही पोरगी पाव खात नाही, कोरते."

भिंगरी दप्तर टाकून दारातच थांबली. हे नाव वडिलांनी ठेवलेलं. पूर्वी ते तिला शोभायचं. वडिलांनी दुसरं लग्न केलं, नवी आई घरात आली, तेव्हापासून मात्र ही भिंगरी एका जागी उभी राहायला शिकली होती. नव्या आईला ती कुठल्याच नावाने हाक मारत नसे. तहान लागली की म्हणे, "बाबा, तिला सांग ना, पाणी हवंय." पाण्याचा जग तेव्हा नव्या आईच्याच हातात असे, आणि बाबा वर्तमानपत्रामागे.

भावाचा संसार पुन्हा मार्गी लागतोय ना, हे बघायला आत्या राहायला आली होती. तिचं मत पक्कं होतं. कडा खाल्ल्याशिवाय मुलीला पानावरून उठू द्यायचं नाही. आताच धाक बसला तर बसला, नाहीतर उद्या ही डोक्यावर मिऱ्या वाटेल. मुलीला ऐकू जाईल अशा बेतानेच ती हे बोलली.

नव्या आईने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. या घरात तिला फार काही नको होतं. या मुलीने एकदा आपल्याशी सरळ बोलावं, एवढंच. तिने फ्रिजमधून एक पिशवी काढली. गेल्या काही दिवसांच्या कडा तिने त्यात जपून ठेवल्या होत्या. आजच्याही त्यात टाकल्या.

"हे कशाला आता?"

"सूपमध्ये घालायला, वन्सं. क्रूटॉन म्हणतात."

"नाव मोठं, लक्षण खोटं," आत्या म्हणाली. "शिळा पाव तो शिळा पाव."

नव्या आईने कडांचे फाशांएवढे तुकडे केले. तेलात लसूण ठेचून घातला, मीठ आणि मिरपूड घातली आणि ते तुकड्यांवर ओतलं. हलक्या हाताने चोळायचं, तुकडा मोडता कामा नये, असं ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली आणि ताट जरा भिंगरीच्या स्टुलाच्या बाजूला सरकवून ठेवलं. थोड्या वेळाने त्या ताटात आणखी दोन लहान हात शिरले. तिने मान वर केली नाही.

पसरट तव्यावर मंद आचेवर तुकडे परतत राहिले. सोनेरी झाल्यावर भिंगरीने एक उचलला, फुंकर मारून तोंडात टाकला.

"मऊच आहे," ती फ्रिजला म्हणाली.

"गरम आहेत तोवर मऊच लागणार. निवले की आपोआप कुरकुरीत होतात."

एवढा धीर आत्याला कुठला? मुंग्या लागतील म्हणत तिने निम्मे तुकडे बरणीत भरले आणि झाकण घट्ट लावलं. संध्याकाळी बघतात तर झाकणाला आतून घाम फुटलेला, आणि बरणीतले तुकडे सादळून लोळागोळा झालेले. ताटात उघडे राहिलेले मात्र बोटाने वाजत होते.

आत्या खिडकीबाहेर बघू लागली. नव्या आईने सादळलेले तुकडे पुन्हा तव्यावर पसरले.

"वाया गेले?" भिंगरीने फ्रिजला विचारलं.

"छे. परत शेकायचे, एवढंच."

रात्री सूप पिताना चौघांच्या तोंडांतून कुर्रम् कुर्रम् आवाज येत होता. बाबांनी त्यासाठी वर्तमानपत्रसुद्धा खाली ठेवलं. आत्याने तीनदा घेतले. मीठ बरोबर आहे का ते बघायला, म्हणाली. उरलेले भिंगरीने सकाळी शाळेच्या डब्यात भरून नेले.

दुपारी तो डबा हातात घेताच नव्या आईला जड लागला. म्हणजे आज मुलीने घासही खाल्ला नव्हता. आत्याने नुसती मान डोलावली, आणि ते बोलण्याहून जास्त होतं.

तिने डबा उघडला. आत कडा कोंबून भरल्या होत्या. पांढऱ्या पावाच्या, गव्हाच्या पावाच्या. एकीला जॅम लागलेला, एकीवर कुणाच्या तरी पडलेल्या दाताची फट उमटलेली.

"सगळ्यांच्या आणल्या," भिंगरी बुटाचे बंद सोडत म्हणाली. फ्रिज तिच्या पाठीमागे होता आणि बाबा घरात नव्हते. "जॅमवाली मी नको म्हणत होते, पण एक मुलगा ऐकेचना. तिचं काय करायचं गं?"

नव्या आईने ती कड उजेडात धरून नीट न्याहाळली.

"ती वेगळी भाजू," ती म्हणाली. "साखर घालून."

आत्याला राहवलं नाही. "आणि हे करतं कोण, म्हणून विचारलं असेल ना पोरांनी? काय सांगितलंस? आमची कोण लागते म्हणालीस?"

भिंगरीचे कान लाल झाले. सोडलेला बंद ती पुन्हा बांधू लागली.

"निवू द्या, वन्सं," नवी आई म्हणाली आणि तिने सुरी घेतली.

भिंगरी स्टूल ओढत ओट्यापाशी आली आणि वर चढली. कडा ताटात ओतल्या. मग बरणीचं झाकण उचलून तिने ते ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आत्याचा हात पोचणार नाही असं, ठेवून दिलं.