आवरलेलं टेबल

पडद्यावरचं घर दारातच अडकलं. दिवाणखान्यात शिरायला जावं तर चित्र गचके खात होतं. अर्धी भिंत आधी यायची, उरलेली मागून, रुसल्यासारखी.

समोर बसलेल्या काका-काकूंकडे बघून आई हसली. मग मुलीकडे वळली आणि हसायची थांबली.

"काल पळत होतं ना हे?"

"पळत होतं. तुझ्यासमोर."

आई लोकांची घरं आतून सजवून द्यायची. काकूंना तिने त्यांच्या घराचा कागदावरचा नकाशा दाखवला होता. काकूंनी मान डोलावली होती आणि घरी जाऊन फोन केला होता की, बाई, मला त्यातलं काही म्हणता काही कळलं नाही. आजही कळलं नाही तर काम दुसरीकडे जाणार, हे काकांनी अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. म्हणून तर आज घर पडद्यावर फिरवून दाखवायचं होतं, आणि त्यासाठी आईच्या लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडलं होतं. मामाच्या जुन्या कॉम्प्युटरमधलं. लॅपटॉपला झेपत नाही ते चित्र त्याने काढायचं. "माझ्या पोटापाण्याच्या वस्तूवर तुझे प्रयोग नकोत," असं आई आठवडाभर म्हणत होती. काल कुठे राजी झाली होती.

"हे धूड कसलं?" काकांनी विचारलं.

"लॅपटॉपचा मदतनीस," मुलगी म्हणाली.

"मालकापेक्षा मदतनीसच अंगाने भारी."

"खातोही जास्त, काका. वीज वेगळी लागते त्याला."

बोलता बोलता तिने कार्डाला हात लावून बघितला. गार. तिन्ही पंखे ढिम्म. ऐन घाम गाळायच्या वेळी साहेब आराम करत होते.

"बंद कर," आई दबक्या आवाजात म्हणाली. "मी नकाशाच काढते."

"एक मिनिट."

"एक मिनिट, एक मिनिट करत अख्खा रविवार खाल्लास."

मुलगी टेबलामागे वाकली. तिथे सगळं कसं छान होतं. वायरी सरळ, धूळ पुसलेली. इतकं छान तिने काल ठेवलेलं नव्हतं.

"आई, तू टेबल आवरलंस?"

"मग? लोक येणार आणि हा गुंता तसाच ठेवू?"

"मोठ्या पडद्याची वायर कुठे लावलीस?"

"असते तिथेच. लॅपटॉपला."

पडदा बिचारा जुन्या ओळखीने लॅपटॉपकडेच चित्र मागत बसला होता. कार्डाला कोणी विचारतच नव्हतं.

"ती कार्डाला लावायची असते, आई."

काकू खुदकन हसल्या. "आमच्याकडे हे आवरतात. मग आठ दिवस चष्मा सापडत नाही."

मुलीने वायर उपसून कार्डात खोचली. पडदा काळा झाला. काळाच राहिला. आईने नकाशाची गुंडाळी हातात घेतली. तेवढ्यात कार्डाचे पंखे घुमले, आणि घर आलं, सगळंच्या सगळं, एका दमात. फरशीवर ऊनसुद्धा पडलेलं.

आई माउसकडे हात नेता नेता थांबली. मग तिने तो मुलीपुढे सरकवला. "यंत्रांचं खातं हिच्याकडे असतं," ती काकांना म्हणाली, जणू वर्षानुवर्षं तसंच चालत आलंय.

दिवाणखाना झाला, बाल्कनी झाली. कुठे गचका नाही. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी जरा थांबली, तर काकू खुर्चीतल्या खुर्चीत डावीकडे कलल्या आणि मान लांब करून दाराच्या आड काय आहे ते बघू लागल्या.