आफ्राची ओळ

सीवर्टने पान उलटं केलं. खालच्या बाजूला राखाडी ठिपका होता. शेजारच्या पानावर दोन होते. तो गुडघ्यांवर रांगत वाफ्याच्या टोकापर्यंत गेला आणि तिथेच ओल्या मातीत बसून राहिला. चारही वाफ्यांना करप्याने धरलं होतं. आज गुरुवार होता, आणि शनिवारी याच ट्यूलिपचं बारसं होतं.

करपा न लागणारं ट्यूलिप. चोवीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. बी पेरल्यापासून पहिलं फूल बघायलाच सहा वर्षं जातात, आणि त्यातली बहुतेक फुलं उकिरड्यावर टाकायच्या लायकीची निघतात. एवढा धीर माणूस संसारातसुद्धा धरत नाही. आजूबाजूचे शेतकरी दर आठवड्याला औषध मारायचे. सीवर्टच्या तुकड्यात मात्र औषधाचा थेंब पडू द्यायचा नाही असा नेम होता. उलट तो शेजाऱ्यांच्या शेतातली रोगट पानं गोळा करून आणायचा आणि स्वतःच्या ओळींमध्ये पसरायचा. मरेल ते मरू दे, उरेल ते खरं. शेजारचा नानिंग बांधावर उभा राहून म्हणायचा, "सगळं गाव रोगाला हाकलतंय, आणि तू त्याला जेवायला बोलावतोस."

पंधरा वर्षांपूर्वी मे महिना ओला गेला आणि रोग खरंच जेवायला आला. सदतीस ओळींपैकी छत्तीस ओळी आठवड्याभरात काळ्या पडल्या. सीवर्टने तीन दिवस अन्नाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी सगळ्यावर नांगर फिरवायला गेला, तेव्हा मधली एक ओळ त्याला दिसली. हिरवीगार होती. फुलं पिकल्या जर्दाळूच्या रंगाची, पाकळीच्या कडेला बारीक पांढरी रेघ. तो पळत घरी आला आणि बायकोला, आफ्राला, हाताला धरून शेतात घेऊन गेला. ओळीकडे बघून ती रडायला लागली. आनंदाने, असं त्याला वाटलं. फुलाला तिचंच नाव द्यायचं हे त्याने तिथेच ठरवून टाकलं.

पुढे त्या एका ओळीचे चार वाफे झाले. दर वसंतात लोक बघायला येत, हात लावून जात. नानिंगसुद्धा टोमणे मारायचा थांबला. शनिवारी आफ्राने फुलावर शॅम्पेन ओतून नाव ठेवलं की तीन मोठे शेतकरी कंद घेणार होते, आणि एकही फवारणी न करता लावणार होते. तसा शब्द त्यांनी दिला होता, सीवर्टच्या शब्दावर.

सीवर्टचा शब्द म्हणजे शब्द. तो प्रोटेस्टंट, चर्चच्या पंचांपैकी एक. रविवारी दोन वेळा प्रार्थनेला जायचा आणि त्या दिवशी शेतात पाऊल टाकायचा नाही. आफ्रा कॅथलिक. तिची मिस्सा, म्हणजे त्यांची चर्चमधली प्रार्थना, शनिवारी संध्याकाळीच उरकायची, रविवारी ती घरी असायची. एका उशीवर दोन पंथ झोपले की मध्ये सैतान झोपतो, असं त्या भागातली जुनी माणसं म्हणतात. त्यांच्या उशीवर चाळीस वर्षांत कोणी तिसरं आलं नव्हतं. दोघांचं बरं चाललं होतं. फक्त दोन वर्षांपासून आफ्राचे हात थरथरायला लागले होते. या हिवाळ्यात तर तिला कोटाची बटणं लावता येईनात. डॉक्टरने विचारलं होतं, कधी फवारणीचं काम केलंय का? "आमच्याकडे औषधाचा थेंब येत नाही," सीवर्टने ताठ मानेने सांगितलं होतं. आफ्रा तेव्हा खिडकीबाहेर बघत होती.

तो स्वयंपाकघरात आला. आफ्रा दोन्ही हातांत कप धरून कॉफी पीत होती. त्याने ठिपक्यांचं पान तिच्यापुढे ठेवलं. तेच कंद, तीच माती, पाऊससुद्धा तसाच, तो म्हणाला. मग यंदा बदललं काय?

आफ्राने पानाकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला.

"यंदा मला पंप उचलवला नाही," ती म्हणाली.

त्याला कळेना. मग तिने सगळं सांगितलं. रविवारी त्याची गाडी बांधावरून वळली की ती शेडमधला त्याच्या वडिलांचा जुना पंप पाठीवर घ्यायची, तोंडाला रुमाल बांधायची. अंगणातल्या गुलाबांना हवंय म्हणून औषध नानिंगकडून मागून आणायची. एकच वसंत करायचं असं ठरवलं होतं. सगळंच गेलं असतं तर सीवर्टही हातचा गेला असता, अशी तिला भीती होती. पण मग लोक बघायला यायला लागले, मग त्याने नाव ठरवलं. थांबायचं कधी, ते तिला कळलं नाही.

सीवर्ट तिच्या हातांकडे बघत होता. ते टेबलावर टेकवलेले असूनही हलत होते. त्याला डॉक्टरची खोली आठवली, आणि आपली ताठ मान. लाजेने त्याच्या कानशिलांत चटके बसले. तरीही तोंडून निघालं ते फुलाचंच.

"सदतीस ओळींत हीच कशी?"

"एका पंपात एकच ओळ व्हायची," आफ्रा म्हणाली. "मला हिचा रंग आवडला होता."