रेडिओतली आई

“तू नको. ती लाव.” शिवांजलीनं अंगावरचा आईचा हात बाजूला केला आणि आजीच्या मोबाईलकडं बोट दाखवलं.

राजेश्वरीनं हात मागं घेतला. बनुबाई ओशाळल्या. सुनेकडं न बघताच त्यांनी मोबाईल नातीच्या उशाशी ठेवला. मोबाईलमधून राजेश्वरीचाच आवाज आला, रेडिओवरच्या बातमीतला. शांत, जरासा घोगरा. बंदराकडच्या गल्ल्यांत स्फोट चालूच आहेत, सकाळी पाव आणायला बाहेर पडलेली माणसं अजून परतलेली नाहीत... तीन वर्षांची पोर मोबाईलला गाल लावून पडली. तिचे डोळे मिटायला लागले.

“दुपारची अशीच झोपती,” बनुबाई हळूच म्हणाल्या. “तू तिकडं. मग मी तरी काय करू? तुझ्या समद्या बातम्या आता मलाच पाठ झाल्यात.”

पोर नुकतीच पावलं टाकायला लागली होती, तेव्हा रेडिओनं राजेश्वरीला परदेशी बातमीदार म्हणून पाठवलं. नवरा वीरधवल सीमेवर, ती परक्या देशाच्या लढाईत. कुंडल गावची माणसं हसायची, “बनुबाईच्या घरात कोण कुठल्या लढाईवर हाय, ते इचारून मगच चहाला जावा.”

चार दिवसांपूर्वी पहाटे ती घरी आली. पोर गाढ झोपेत होती, म्हणून कुणी उठवली नाही. जाग आली तेव्हा घरात एक बाई चहा पीत बसली होती. तेव्हापासून ती बाईच राहिली. शिवांजली त्या बाईच्या हातचं जेवायची. वेणीसुद्धा घालून घ्यायची. आणि मग आजीच्या कानाशी लागून विचारायची, “आई कवा यायची गं?”

ऑफिसला आज कळवायचं होतं. पुन्हा तिकडं जायचं, की पुण्यात डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या बातम्या नीट करायच्या. डेस्क घेतलं तर लेक जवळ राहणार होती. पण मग हा आवाज रेडिओवर लागणार नव्हता. आणि लेकीपाशी आई म्हणून तेवढंच तर होतं.

राजेश्वरी आतल्या खोलीत गेली. तिकडं हॉटेलात करायची तसंच तिनं केलं. आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून गोधडी घेतली आणि मोबाईल तोंडाशी धरला. सवयीनं आधी त्या शहराचं नाव ओठांवर आलं. ते तिनं गिळलं.

“शिवांजली, मी आई बोलतेय. इथलं माझं काम संपलं. मी आज घरी येतेय. आता परत जायची नाही.”

तिनं ते बनुबाईंच्या मोबाईलवर पाठवलं आणि येऊन उंबऱ्याशी गुडघ्यावर बसली. बनुबाईंनी ते लावलं.

शिवांजली ताडकन उठून बसली. “आजी, आली?”

“बघ की जाऊन.”

पोर पळत आली. राजेश्वरीनं दोन्ही हात पसरले. त्या हातांखालून वाकून ती तशीच अंगणात गेली, फाटकाच्या खालच्या दांडीवर चढली आणि रस्त्याकडं बघत उभी राहिली. पलूसकडनं एसटी आली, न थांबता निघून गेली. पोर हलली नाही.

राजेश्वरीचे हात अजून पसरलेलेच होते. बनुबाईंनी पदरानं डोळे टिपले.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “घरात बसल्यालं माणूस घरी कसं यायचं गं?”

राजेश्वरी उठली. तिनं बॅग खांद्याला अडकवली आणि मागच्या दारानं, उसाच्या बांधानं वळसा घालून, फाटकासमोरच्या रस्त्याकडं निघाली.