पहिल्या नंबरची माती

समजा, मुलांनो, तुम्ही एका अंगणात पाटावर बसला आहात. समोर एक म्हातारी तुमची ओटी भरते आहे. मूठभर गहू, खण, वर नारळ. ती मायेनं भरते आहे, आणि त्यातला एक दाणाही आपल्या हक्काचा नाही हे फक्त तुम्हालाच माहीत आहे. बसून बघा असं थोडा वेळ. सणसरला गेणबांच्या अंगणात उत्कर्षा तशीच बसली होती. ओढणीचा पदर पुढं धरून, मान खाली घालून.

उत्कर्षा इंदापूरची. बारामतीला शेतकीच्या शेवटच्या वर्षाला. पावसाळ्यात तिला आणि तिच्या वर्गातल्या सौरभला या गावच्या मातीची तपासणी करायला पाठवलं होतं. त्या कामात दोघं कॉलेजात पहिले आले. "ज्यांच्या रानामुळं नंबर आला, त्यांचं तोंड गोड करून ये," असं सरांनीच सांगितलं. म्हणून ती आज पेढे घेऊन आली होती. सौरभनं यायचं टाळलं होतं.

"बरं झालं बाई," बनाबाई नारळ ठेवता ठेवता म्हणाल्या, "आमच्या रानाचा पयला नंबर आला, तुजाबी आला. मी तेवढी नापास."

"पोरीपुढं कशाला ती कागाळी," बाजेवरून गेणबा म्हणाले.

"का? तिलाबी कळू दे की."

"काय झालं, आजी?" उत्कर्षानं विचारलं. विचारलं आणि वाटलं, विचारायला नको होतं.

गेणबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ऊस गेला की गं. कोंब चांगलं आलं, मग पिवळं पडलं आन् जागच्या जागी बसलं. मला आधीपासनं वाटायचं, जमीन खारावलीय. पानी निघून जायला चर काढायचा इचार हुता. पर तू देवळाफुडं माईकवर सांगितलंस, गेणबाआबांची माती समद्या गावात चांगली. मग चर कशाला? उसाची लागण केली. आता ऊस जळाला, तर जमिनीला बोल कसा लावायचा? मानसाचंच चुकलं आसंल. पान्याचं काम हिच्याकडं हुतं. काढून घेतलं."

"सुनंच्या देखत काढून घेतलं," बनाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "लगीन होऊन आल्यापासनं त्या रानाला मीच पानी देती. पयलं लई वाईट वाटलं. मग म्हनलं, आसंल बाई. शिकलेली पोर खोटं कशाला सांगंल? माजाच हात बिघडला आसंल."

उत्कर्षानं ओटीतले गहू उगाचच सारखे केले.

माती कशी घ्यायची, हे तिला तोंडपाठ होतं. रानात नागमोडी चालायचं. ठिकठिकाणी वीतभर खड्डा घ्यायचा. सगळी माती एकत्र कालवायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. तोंडी परीक्षेत तिनं हे असं घडाघडा सांगितलं की बाहेरून आलेले सर खूश झाले. पण प्रत्यक्षात त्या दिवशी चिखल होता, आणि पहिला नंबर तर हवाच होता. सौरभ म्हणाला होता, "मार्क पिशवीला असतात गं, मातीला कोण विचारतंय." त्याच्या मामाचा भाजीचा मळा रस्त्याला लागूनच होता. तिथूनच सगळ्या शेतकऱ्यांच्या नावाच्या पिशव्या भरल्या. निकाल सारखे येऊ नयेत म्हणून एकीत थोडी वाळू, एकीत बांधावरची माती. काहीही न मिसळलेली पिशवी तिनं गेणबांच्या नावाची केली. आबा रोज आग्रह करून जेवायला घालायचे. त्यांच्यासाठी काहीतरी चांगलं करावं, असं तिला तेव्हा खरंच वाटलं होतं. "तुम्ही बाजाराला गेला होता, तेव्हा माती नेली," असं तिनं त्यांना सांगून टाकलं.

"आता तूच सांग," गेणबा म्हणाले. "तू समदं रान पायाखाली घातलंयस. पानी जादा झालं का कमी पडलं?"

बनाबाईंनी हातातलं हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं. निकाल लागायच्या आधी पोरं जशी बघतात, तशा त्या उत्कर्षाकडं बघत राहिल्या.

उत्तर सोपं होतं. पाणी जादा झालं, एवढं म्हटलं की झालं. पुस्तकातही तसंच असतं. आबांनी मान हलवली असती, आजींनीही हलवली असती, आणि ती साडेचारच्या एसटीनं परत गेली असती. शब्द तिच्या ओठापर्यंत आला. तेवढ्यात तिची नजर बनाबाईंच्या हातांकडं गेली. त्यांनी ते पदराखाली घेतले होते, एखादी चोरी लपवावी तसे.

भरलेली ओटी परत करता येत नाही. उत्कर्षानं ओढणीची दोन्ही टोकं कमरेला घट्ट बांधली. नारळ पोटावर टोचला. ती उठली. गोठ्याच्या भिंतीला कुदळ टेकवून ठेवली होती, ती तिनं उचलली.

"आगं, कुठं निगालीस?" बनाबाई म्हणाल्या.

"माती घ्यायला."

"घेतलीस की मागं."

उत्कर्षा अंगणाबाहेर पडली. झपाझप चालू लागली. गेणबा टोपी घालत मागून आले, त्यांच्यामागं बनाबाई. घरांची रांग संपली. कालव्याच्या चारीवरचा छोटा पूल आला. पुलापलीकडं वाट दोन्हीकडं फुटत होती, आणि दोन्हीकडं रानंच रानं होती. उत्कर्षा तिथं थांबली. मागची पावलंही थांबली. तिनं वळून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघितलं.

"आबा," ती म्हणाली, "तुमचं रान कुठलं?"