पुढचं मूल

"आज पळून जाऊ नकोस," फुसी म्हणाली आणि केवड्याच्या पानांची ओली जुडी तिने लटायच्या हातात दिली. चटयांसाठीची पानं खाडीत भिजवलेली होती. ती धुवायला दोघी आल्या होत्या.

लटाय हसली. या नणंदेजवळ एकटीने थांबायचं ती कित्येक वर्षं टाळत आली होती. आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिची पाळी गेल्या वर्षीच थांबली होती.

थोरल्या बहिणीने भावाचं मूल मागितलं, तर टोंगा बेटांवर नाही म्हणत नाहीत. लटायची धाकटी मुलगी चालायला लागली, तेव्हा चर्चच्या जेवणावळीत सासूबाई सगळ्यांदेखत बोलून गेल्या, "आता पुढचं मूल आमच्या फुसीचं." म्हातारीच्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. विधवा, बिनपोराची फुसी मान खाली घालून बसली. नाही म्हणाली नाही.

लटायला तिसरं मूल हवं होतं, फार हवं होतं. पण नऊ महिने पोटात वाढवायचं आणि दुसरीच्या ओटीत घालायचं? अळूचे कंद विकायला म्हणून ती दर तीन महिन्यांनी बंदरावर जायची आणि दवाखान्यात दिवस न राहण्याची सुई टोचून घ्यायची. नवऱ्याला, सेमिसीला, तिने पत्ता लागू दिला नाही. तो शेजाऱ्यांची तान्ही पोरं खेळवत बसायचा. ते बघून ती तिथून निघून जायची.

"लटाय, धाकटीनंतर तुला दिवस गेलेच नाहीत," फुसी हळूच म्हणाली. "मी दर रविवारी देवाकडे मागायचे."

"मागणारच. मूल तुम्हाला हवं होतं ना, वन्सं!" लटायचा आवाज तिखट झाला.

"मला? पोरांचा कलकलाट मला सोसत नाही, हे माझ्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"सेमिसी समोर बसला होता. आपल्यात बहिणीने भावासमोर बाळंतपणाचं बोलायचं? जीभ झडली असती माझी. म्हटलं, बाळ होऊ दे. आत्या म्हणून नाव ठेवीन आणि परत तुझ्याच मांडीवर देईन. आईचाही शब्द राहील. नावसुद्धा ठरवलं होतं." फुसीने डोळे पुसले. "देवाने माझं ऐकलं नाही गं."

जुडी लटायच्या हातून सुटली. पानं पाण्यावर पसरत गेली.

"देवाला बोल लावू नका, वन्सं," ती म्हणाली. "सुई मी घेत होते."